परमेश्वराच्या नावाने, परंतु कोणाच्या हितासाठी?

आमच्या धर्मग्रामांतून एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते. रविवारची मिस्सा संपते, मंडळी चर्चच्या आवारात रेंगाळतात, कोणाचा मुलगा बोस्टनला तर कोणाची लेक न्यू जर्सीला असल्याची वार्ता निघते आणि बोलता बोलता कोणीतरी म्हणतो, "काही म्हणा, अमेरिका म्हणजे शेवटी ख्रिस्ती राष्ट्र. आपलेच!" पंचाहत्तरी ओलांडलेली वडीलधारी मंडळी या वाक्याला मान डोलावतात. त्यांच्या बालपणी मिस्सेनंतर गुडघे टेकून ज्या प्रार्थना म्हटल्या जात, त्या पोप अकरावे पायस यांनी १९३० साली रशियाच्या हेतूसाठी अर्पण करावयास सांगितल्या होत्या. १९६५ पर्यंत त्या जगभरच्या चर्चमधून चालू होत्या. एका बाजूला देव न मानणारा रशिया, तर दुसऱ्या बाजूला साहजिकच देव मानणारी अमेरिका, अशी जगाची सरळ वाटणी त्या पिढीच्या मनात झाली. ती वाटणी वारसाहक्काने आमच्याकडे आली आणि आम्हीही ती तपासून पाहिली नाही.

या वाक्याचा आम्हांस प्रतिवाद करावयाचा आहे. अमेरिकेला शिव्या मोजणे हा आपल्याकडे एक स्वस्त उद्योग आहे आणि तो करणाऱ्यांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. १९४८ पासून चार वर्षांत मार्शल योजनेखाली सुमारे १३ अब्ज डॉलर देऊन पश्चिम युरोपातील उद्ध्वस्त देश अमेरिकेने उभे केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. हंगेरीचे कार्डिनल मिन्झेन्टी यांना साम्यवादी राजवटीने १९४९ मध्ये जन्मठेप दिली. १९५६ च्या उठावात ते मुक्त झाले आणि रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले तेव्हा त्यांनी तेथील अमेरिकन वकिलातीत आश्रय घेतला. पुढे १५ वर्षे ती वकिलात हेच त्यांचे घर होते. हे सर्व आम्ही जाणतो. तरीही आमचा प्रश्न उरतोच : राष्ट्र ख्रिस्ती आहे की नाही, हे ठरवावयाचे कशावरून? त्याच्या शपथेवरून की त्याच्या करणीवरून?

शपथेचीच गोष्ट घेऊ. अमेरिकेतील शाळकरी मुले राष्ट्रध्वजाला वंदन करताना जी प्रतिज्ञा म्हणतात, तीत देवाचा उल्लेख मुळात नव्हता. १४ जून १९५४ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या स्वाक्षरीने 'देवाधीन' अशा अर्थाचे शब्द तीत घातले गेले. त्यासाठी ज्यांनी सर्वांत चिकाटीने मोहीम चालविली, त्यांत 'नाइट्स ऑफ कोलंबस' ही कॅथलिक पुरुषांची संघटना अग्रभागी होती. तेथील आमच्या धर्मबांधवांना त्या दिवशी केवढी धन्यता वाटली असेल!

परंतु त्याच उन्हाळ्यात आणखी काय काय घडले ते पाहा. १७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. जून अखेरीस ग्वातेमाला या चिमुकल्या कॅथलिक देशातील लोकनियुक्त सरकार अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने उलथून टाकले. १० जुलै रोजी आयझेनहॉवर यांनी अतिरिक्त धान्य परदेशी पाठविण्याचा कायदा संमत केला. हाच तो पी. एल. ४८०. आपल्या घरोघरी शिजलेला लाल गहू आणि मिलो त्याच कायद्याच्या वाटेने आला. न्याय, भक्ती, कपट आणि दान अशी चार कृत्ये एकाच राष्ट्राने आठ आठवड्यांच्या आत केली. युद्धोत्तर अमेरिका समजून घ्यावयाची तर ही चारही एकत्र पाहावी लागतात. आम्ही मात्र त्यांतील दोन-तीन पाहिली आणि एकाकडे पाठ फिरविली.

ग्वातेमालाकडे पाठ फिरविली ती अशी. अध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ १९५० च्या निवडणुकीत निवडून आले होते. १९५२ मध्ये त्यांनी जमीन सुधारणेचा कायदा केला. मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन घ्यावी, तिचा मोबदला द्यावा आणि ती भूमिहीनांत वाटावी, एवढाच त्याचा आशय. सुमारे एक लाख कुटुंबांना त्याचा लाभ झाला. देशातील सर्वांत मोठी जमीनदार होती युनायटेड फ्रूट ही केळ्यांचा व्यापार करणारी अमेरिकन कंपनी आणि तिची बहुतांश जमीन पडीक होती. घेतलेल्या एका मोठ्या क्षेत्राबद्दल सरकारने सुमारे सव्वासहा लाख डॉलर देऊ केले. हा आकडा कंपनीनेच कर भरताना लिहून दिलेल्या किमतीवरून काढलेला होता! आता मात्र अमेरिकन सरकारने कंपनीच्या वतीने सुमारे १ कोटी ५८ लाख डॉलर मागितले. त्या वेळचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि गुप्तहेर खात्याचे प्रमुख अॅलन डलेस हे सख्खे भाऊ. ज्या वकिली संस्थेत दोघांनी उमेदीची वर्षे काढली होती, तिचे ही कंपनी एकेकाळी अशील होती.

येथे आम्हांस स्वतःच्या घराकडेही बोट दाखवावे लागते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ग्वातेमालाचे आर्चबिशप रोसेल यांनी पत्रक काढून साम्यवादाविरुद्ध उठण्याचे आवाहन जनतेला केले. त्यांचा हेतू शुद्ध असेलही. पण त्यांच्या शब्दांचे फळ कोणाच्या टोपलीत पडले? आर्बेन्झ गेले, जमिनी परत धन्यांकडे गेल्या आणि १९६० पासून ३६ वर्षे तो देश यादवीत होरपळला. १९९९ मध्ये सत्यशोधन आयोगाने मृतांचा व बेपत्ता झालेल्यांचा अंदाज दोन लाखांहून अधिक दिला आणि आयोगाने नोंदविलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्के अत्याचारांची जबाबदारी शासकीय दलांवर व त्यांच्या हस्तकांवर टाकली. बळींत माया आदिवासी बहुसंख्य होते. त्याच वर्षी मार्चमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ग्वातेमालात जाऊन, दडपशाही करणाऱ्या लष्कराला अमेरिकेने पाठिंबा दिला ही चूक होती, असे मान्य केले. ४५ वर्षांनी मिळालेला हा कबुलीजबाब! त्याच्या एक वर्ष आधी, २४ एप्रिल १९९८ रोजी, ग्वातेमालाचे सहायक बिशप हुआन हेरार्दी यांनी चर्चच्या वतीने गोळा केलेल्या हजारो साक्षींचा अहवाल प्रसिद्ध केला होता. दोनच दिवसांनी त्यांची डोके ठेचून हत्या झाली. एकाच नगरीतील हे दोन धर्माधिकारी. त्यांपैकी कोणाच्या मुखातून चर्च बोलले, हे वाचकांनीच ठरवावे.

"पण साम्यवाद काय कमी क्रूर होता?" हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. नव्हता, मुळीच कमी नव्हता. सैबेरियातील छावण्या, १९५६ चे बुडापेस्ट, १९६८ चे प्राग, तुरुंगात खितपत पडलेले धर्मगुरू, यांतील एकही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. परंतु शेजाऱ्याने खून केला म्हणून आपल्या हातचा खून धुऊन निघतो, असे कोणत्या धर्मशिक्षणात शिकविले आहे? शिवाय लोकशाही राष्ट्राचे पाप एका अर्थाने अधिक जड असते. हुकूमशाहीतील प्रजेला बोलण्याची सोय नसते. लोकशाहीतील नागरिकाकडे मत असते, वृत्तपत्र असते, न्यायालय असते. तेथे जे घडते ते त्याच्या कराच्या पैशाने आणि त्याच्या नावाने घडते.

मग अमेरिकेतील कॅथलिक समाज बोलला का नाही? निदान पहिली वीस वर्षे तो का बोलला नाही? याचे उत्तर त्या समाजाच्या इतिहासात आहे. आयर्लंड, इटली, पोलंड येथून पोटासाठी आलेली ही माणसे. यांची निष्ठा देशाशी की रोमच्या पोपशी, असा संशय त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या घेतला गेला. १९२८ मध्ये अल स्मिथ हा कॅथलिक उमेदवार अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरला, त्यात त्याच्या धर्माचाही वाटा होता. १९६० मध्येदेखील जॉन केनेडी यांना ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट पाळकांसमोर उभे राहून, आपण पोपच्या हुकुमाने राज्य चालविणार नाही, अशी ग्वाही द्यावी लागली. अशा समाजाला साम्यवादविरोधाने देशभक्तीचे प्रमाणपत्र मिळवून दिले. जितका घोष मोठा, तितके प्रमाणपत्र पक्के! जिकडेतिकडे देशद्रोही शोधणारे सिनेटर जोसेफ मॅकार्थी हे कॅथलिकच होते. न्यूयॉर्कचे आर्चबिशप कार्डिनल स्पेलमन हे व्हिएतनाम युद्धाचे खंदे समर्थक होते. ४ ऑक्टोबर १९६५ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्याच न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यासपीठावरून, युद्ध पुन्हा कधीही नको अशी जगाला विनवणी केली. कार्डिनलांचा सूर त्यानंतरही बदलला नाही.

ज्याच्या निष्ठेवर संशय घेतला जातो, त्या अल्पसंख्य समाजाला सत्तेच्या सुरात सूर मिसळण्याचा मोह होतो. आपण इतरांहून अधिक देशभक्त आहोत हे दाखविण्यासाठी तो अन्यायावरही टाळ्या वाजवू लागतो. हा मोह आम्हांस परका नाही, म्हणून तर आम्ही हे लिहीत आहो. अशा टाळ्यांनी मिळालेले स्थान पक्के नसते, आणि त्याची किंमत दुसरेच कोणीतरी मोजतात.

ती किंमत एल साल्वादोरने मोजली. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी १७ फेब्रुवारी १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांना पत्र लिहिले. कार्टर हे स्वतः श्रद्धावंत ख्रिस्ती आणि मानवी हक्कांचा उच्चार करणारे. आपण खरोखर ख्रिस्ती असाल तर आमच्या लष्कराला मदत पाठवू नका, ती आमच्याच लोकांवर चालविली जाईल, असा त्या पत्राचा आशय होता. २४ मार्चच्या सायंकाळी एका रुग्णालयाच्या छोट्या प्रार्थनामंदिरात मिस्सा अर्पण करीत असता रोमेरो यांना गोळी घालण्यात आली. लष्करी मदत थांबली नाही. २ डिसेंबर रोजी चार अमेरिकन स्त्रियांचे अपहरण झाले. मेरीनोल संघाच्या भगिनी मॉरा क्लार्क व ईटा फोर्ड, उर्सुलाइन भगिनी डोरोथी कॅझेल आणि जीन डोनोव्हन ही प्रापंचिक तरुणी. सरकारी नॅशनल गार्डच्या शिपायांनी त्यांच्यावर अत्याचार करून त्यांना ठार मारले. या तर अमेरिकेच्याच लेकी! तरीही संयुक्त राष्ट्रसंघातील राजदूतपदी निवड झालेल्या जीन कर्कपॅट्रिक म्हणाल्या की, या केवळ धर्मभगिनी नव्हत्या, त्या राजकीय कार्यकर्त्या होत्या. नवे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी तर, त्यांची गाडी नाकेबंदी तोडून जात असावी, असा तर्क काँग्रेसच्या समितीपुढे मांडला. पाच शिपाई दोषी ठरले ते १९८४ मध्ये.

डिसेंबर १९८१ मध्ये एल मोसोते या खेड्यात आणि आसपास अत्लाकात्ल पलटणीने आठशेहून अधिक माणसे मारली. या पलटणीला अमेरिकन लष्कराने प्रशिक्षण दिले होते. रुफिना अमाया नावाची एक बाई झाडाझुडपांत लपून वाचली. तिची मुले वाचली नाहीत. २७ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेतील दोन मोठ्या वृत्तपत्रांनी ही हकीकत छापली. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने काँग्रेसला लेखी कळविले की, एल साल्वादोरमध्ये मानवी हक्कांची स्थिती सुधारत आहे. संहाराचा पुरावा नाही, असेच वॉशिंग्टनचे अधिकारी सांगत राहिले. १९९२ मध्ये चर्चलगतच्या एका पडक्या खोलीत उत्खनन झाले. १४३ जणांचे अवशेष निघाले. त्यांत १३१ जण बारा वर्षांखालील मुले होती. सोबत सापडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांवर अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या दारूगोळा कारखान्याची खूण होती. काईनाला विचारलेला प्रश्न येथे कोणाला विचारावयाचा, वाचकहो?

त्याच पलटणीच्या शिपायांनी १६ नोव्हेंबर १९८९ रोजी राजधानीतील विद्यापीठात सहा येशूसंघीय धर्मगुरूंना, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या एल्बा रामोस यांना आणि त्यांच्या किशोरवयीन मुलीला, सेलिनाला, ठार केले. १२ वर्षांच्या या युद्धात सुमारे ७५ हजार माणसे मेली. गनिमी पथकांनीही निरपराधांचे खून केले, हे आम्ही लपवीत नाही. परंतु १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सत्य आयोगाने आपल्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सुमारे ८५ टक्के शासकीय दलांवर व त्यांच्याशी संलग्न टोळ्यांवर असल्याचे आणि सुमारे ५ टक्के गनिमांवर असल्याचे नोंदविले. या दोन आकड्यांतील अंतर ज्याला दिसत नाही, त्याला ते पाहावयाचेच नाही.

आणि दान? त्याचाही हिशेब स्वच्छ नव्हता. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकन गव्हाने भारतातील लक्षावधी जीव जगविले. १९६६ मध्ये आपण सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले, त्यातील बहुतांश अमेरिकेचे होते. त्याबद्दल ऋण मानलेच पाहिजे. पण त्याच काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजांची परवानगी महिन्या-महिन्याच्या हप्त्याने देण्याचे धोरण धरले. भारताने शेती सुधारावी हा त्यामागचा एक हेतू होता. दिल्लीने व्हिएतनाममधील बॉम्बफेकीवर टीका केल्याचा रागही त्यात मिसळलेला होता. भुकेल्याला घास दाखवून गप्प बसविणे याला आम्ही दानधर्म म्हणत नाही.

मग अमेरिकेत ख्रिस्ताचे कोणीच नव्हते काय? होते. आणि आमचा खरा राग याचा आहे की, आमच्या घरांतून त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. सेंट लुईसचे आर्चबिशप जोसेफ रिटर यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापूर्वी सात वर्षे, १९४७ मध्येच, आपल्या शाळांतील वर्णभेद मोडून काढला. डोरोथी डे या बाईने गरिबांना जेवू घालता घालता अण्वस्त्रांचा निषेध केला आणि त्यासाठी ती तुरुंगात गेली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला, तेव्हा जवळच्या मित्रांनीही त्यांना दोष दिला. १७ मे १९६८ रोजी डॅनियल व फिलिप बेरिगन या धर्मगुरू बंधूंसह नऊ कॅथलिकांनी कॅटन्सव्हिल येथे सैन्यभरतीची कागदपत्रे जाळली आणि पळून न जाता अटकेची वाट पाहिली. १९७१ मध्ये अमेरिकन बिशपांनी सामुदायिकपणे व्हिएतनाम युद्धाचे नैतिक समर्थन काढून घेतले. १९८३ मध्ये त्यांनीच शांततेवरील पत्रातून आपल्या सरकारच्या अण्वस्त्रनीतीला जाब विचारला. २४ मार्च १९८२ रोजी, रोमेरो यांच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, अॅरिझोनातील एका प्रेस्बिटेरियन चर्चने मध्य अमेरिकेतून पळून आलेल्या निर्वासितांसाठी कायदा मोडून दार उघडले. पुढे अनेक चर्चनी त्याचे अनुकरण केले.

देवाचे नाव शपथेत घालणारे आणि निर्वासिताला दार उघडणारे, दोघेही अमेरिकनच. ख्रिस्ती राष्ट्र असे काही नसते, ख्रिस्ती माणसे असतात. ती कधी राष्ट्राच्या बाजूने उभी राहतात, कधी राष्ट्राच्या विरुद्ध. बाप्तिस्मा माणसांचा होतो, सेनादलांचा आणि कंपन्यांचा होत नाही. ज्या राष्ट्राला, मग ते कोणतेही असो, आपल्या ध्वजाला देवाचे पाठबळ आहे असे वाटू लागते, त्याला आपली चूक दिसणे कठीण होते.

रोमेरो यांना त्यांच्या हयातीत साम्यवादी ठरविणारे चर्चमध्येही होते. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१० मध्येच २४ मार्च हा सत्य जाणून घेण्याच्या हक्काचा दिवस ठरविला होता. दोन्ही निवाडे आता आमच्यासमोर आहेत. आम्ही अजूनही चर्चच्या आवारात तेच जुने वाक्य म्हणत राहिलो, तर तो आमच्या अज्ञानाचा दोष राहणार नाही, इच्छेचा होईल.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. आपली मुले अमेरिकेला जातात, सुखाने जावोत. त्या देशाने दिलेल्या अन्नाबद्दल व संधीबद्दल कृतज्ञ राहोत. पण त्यांच्या सामानात जपमाळेबरोबर एल मोसोतेची गोष्टही असू द्या. चार धर्मसेविकांची नावे घरच्या सायंप्रार्थनेत एकदा तरी उच्चारा. २४ मार्चला आपापल्या धर्मग्रामात एक मिस्सा त्या १३१ मुलांसाठी अर्पण करा. आणि पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात कोणी म्हणाले की अमेरिका आपलीच, तर त्यांना नम्रपणे विचारा : कोणती? रोमेरोंचे पत्र बाजूला ठेवणारी, की ईटा फोर्डची?